पान उलटून पाहिलंस का?

काल तू आलास तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून मी गप्प बसले. मोबाइलवर गच्चीचे फोटो दाखवलेस, पानांची पिशवी टेबलावर ठेवलीस आणि म्हणालास, "बाई, सगळं करून थकलो. आता तुम्हीच एखादं जालीम औषध सांगा." तू गेल्यावर मी ती पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी केली. भिंग घेऊन एकेक पान दोन्ही बाजूंनी पाहिलं. रात्रीचे साडेदहा वाजले. आज तुला मुद्दाम बोलावलंय. बस समोर. फोन बाजूला ठेव. माझं होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही.

हे चार ढीग बघ. पिशवीत २३ पानं होती. या पहिल्या ढिगात १२ आहेत. वरच्या बाजूला काळे गोल ठिपके, ठिपक्याची कड सरळ नाही, पिसासारखी विस्कटलेली, आणि भोवती पान पिवळं पडलेलं. हा काळ्या ठिपक्यांचा रोग, बुरशीमुळे होणारा. दुसऱ्या ढिगात पाच. ही शेंड्याकडची कोवळी पानं आहेत. पान पिवळं, पण शिरा हिरव्यागार. हा रोग नाही, ही लोहाची उपासमार आहे. तिसऱ्या ढिगात चार. कडा आणि टोकं कागदासारखी करपलेली, डाग कोरडे, तपकिरी. ही पानं कोणत्याही बुरशीने खाल्लेली नाहीत, ती तू जाळलीस. आणि ही शेवटची दोन नुसती म्हातारी झाली आहेत. बुडाजवळचं पान वय झालं की पिवळं होऊन गळतं. त्याला औषध लागत नाही.

तीन दुखणी आणि एक म्हातारपण. तुझ्याकडे या सगळ्यांवर उत्तर एकच होतं, ती बाटली. बाटलीचा फोटो मी मोठा करून लेबल वाचलं. तू वाचलं होतंस? ते कीटकनाशक आहे. किडे मारायचं औषध. या १२ पानांतलं एक जरी उलटून पाहिलं असतंस, तर मागे ना मावा दिसला असता, ना लाल कोळ्याचं जाळं, ना तांबेऱ्याची नारिंगी भुकटी. मागची बाजू स्वच्छ आहे. मग ते विष तू कोणासाठी फवारलंस? दुकानदाराने दिलं म्हणतोस. दुकानदाराने पान पाहिलं होतं का? तू काउंटरवर उभा राहून "गुलाबाची पानं गळताहेत" एवढंच म्हणालास आणि त्याने फळीवरची एक बाटली काढून दिली. त्याचंही चुकलंच. पण बाग तुझी आहे. ज्याच्या दारात झाड आहे त्यानेच पाहिलं नाही, तर काउंटरपलीकडच्या माणसाने काय पाहावं?

आणि तुला पाहता येत नाही, हे तर मी ऐकूनच घेणार नाही. आठवीत असताना आजोळवर निबंध लिहिला होतास. आजोबा सकाळी वावरात गेले की आधी पऱ्हाटीची पानं उलटून बघतात, तुडतुडे किती आहेत ते मोजतात आणि मगच धुऱ्यावर बसून चहा घेतात, असं त्यात होतं. तो निबंध मी वर्गात वाचून दाखवला होता, कारण विज्ञानाच्या पुस्तकात निरीक्षणावर जो धडा होता त्यापेक्षा तुझ्या आजोबांची ती सवय मला मोठी वाटली होती. त्या घरातला मुलगा आज पानाचा वरून फोटो काढतो आणि औषधाचं नाव विचारतो. मला राग या गोष्टीचा आहे. पानं गळल्याचा नाही.

आता पहिला ढीग समजून घे. या बुरशीचं शास्त्रीय नाव डिप्लोकार्पॉन रोझे. तिचे बीजाणू वाऱ्यावर फारसे उडत नाहीत, ते पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर उडतात. पानावर पडल्यावर रुजायला त्यांना ओल लागते, आणि ती थोडीथोडकी नाही, सलग सात तासांच्या आसपास. पान त्याआधी सुकलं तर बीजाणू आत शिरू शकत नाही. सुकलं नाही तर आठवडा-दहा दिवसांत ठिपका दिसतो, त्या ठिपक्यात नवे बीजाणू तयार होतात आणि पुढच्या शिंतोड्याबरोबर वरच्या पानावर जातात. म्हणून हा रोग नेहमी खालून वर चढतो. तुझ्या फोटोंत तेच दिसतंय. खाली नागड्या काड्या, वर झुपकाभर पानं.

हे सात तास त्या बुरशीला कोणी दिले? पाऊस म्हणशील. नागपूरचा जुलै-ऑगस्ट ओला असतो, हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही. पण पाऊस उघडला तरी तू रोज ऑफिसातून येऊन संध्याकाळी सातला पाइप धरतोस आणि झाडांना वरून आंघोळ घालतोस. काल मोठ्या कौतुकाने सांगितलंस. सातला भिजवलेलं पान रात्रभर ओलं राहतं. त्याला ऊन मिळतं दुसऱ्या दिवशी आठ-नऊला. म्हणजे बुरशीला सात हवे होते, तू तेरा-चौदा दिलेस, आणि तेही रोज. त्यात ती हिरवी जाळी. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा नागपुरात प्रत्येक गच्चीवर जाळी लागते, ते बरोबरच आहे. पण मृगाचा पाऊस पडला की ती काढायची असते. तुझी अजून तशीच आहे. खाली दमट सावली, वारा नाही, आणि कुंड्या एकमेकींना इतक्या चिकटलेल्या की एका झाडाचं पान दुसऱ्याच्या अंगावर सुकतंय. दोन कुंड्यांच्या मध्ये माणसाचा पाय ठेवायला जागा नाही. गुलाबाला किमान सहा तास ऊन आणि मोकळी हवा लागते. या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात, आणि त्याच तू झाडाला मिळू दिल्या नाहीस.

आणि खाली पडलेली पानं? एका फोटोत कुंडीतली माती दिसतच नाही, इतकी ठिपकेवाली पानं साचली आहेत. खत होईल म्हणून ठेवलीस. अरे, त्याच पानांत बुरशी दबा धरून बसते. काडीवरच्या जांभळट-काळ्या डागांतही बसते. पाइपाच्या धारेने तू रोज तिला खालून उचलून वरच्या पानांवर नेऊन ठेवलंस. फवारणी वरून आणि लागण खालून. असं वर्षभर केलंस तरी पान टिकणार नाही. घरच्या खड्ड्यातल्या खतालाही ही पानं देऊ नकोस. त्या छोट्या ढिगाला बुरशी मरण्याइतकी ऊब येत नाही. पिशवीत बांधून कचरागाडीत दे, किंवा बागेपासून दूर हातभर खोल पूर. आणि जाळू नकोस. शहराच्या हवेत धूर करायचा अधिकार तुला कोणी दिलेला नाही.

दुसऱ्या ढिगाचं कारण तुझ्या पायाखाली आहे. नागपूरची काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यात लोह असतं, पण मुळांना ते घेता येत नाही. त्यात कुंडीच्या बुडाचं भोक बुजलं की पाणी साचतं, मुळं गुदमरतात आणि नवं पान पिवळं येतं. तू काय केलंस? युरिया घातलास. झाडाला हवं होतं लोह आणि मुळाशी हवा. युरियाने मऊ, लुसलुशीत फूट आली, आणि तशी फूट रोगाला आणखी सहज बळी पडते. भोकं मोकळी कर, मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळ, आणि चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणात दे. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही कुंड्यांत ओततोस ना? पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत उरतात. तेच क्षार तू मुळाशी घालतोस. पुढच्या उन्हाळ्यापासून ते बंद.

तिसऱ्या ढिगाबद्दल बोलताना मला स्वतःला आवरावं लागतंय. औषधाचं माप काय घेतलंस, असं काल विचारलं, तर म्हणालास, "अंदाजे दोन झाकणं, जरा कडकच." फवारणी कधी केली? दुपारी बाराला. कोणी केली? "माळीकाकांनी." त्यांच्या हातात मोजे होते? तोंडाला फडकं? तू खाली बघितलंस. त्या बाटलीवरचा त्रिकोण पिवळा आहे. आपल्या देशात कीडनाशकाच्या डब्यावर चार रंगांचे त्रिकोण असतात. लाल सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही धोका कळावा, म्हणून ते रंग आहेत. तुला अक्षर येतं, रंगही कळतो. तरी तू साठीच्या माणसाच्या उघड्या हातात ते दिलंस आणि आत पंख्याखाली जाऊन बसलास.

तुझं आजोळ यवतमाळकडचं. २०१७ साली त्या जिल्ह्यात काय झालं, ते मी तुला सांगावं का? कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात होते. पऱ्हाटी उंच वाढली होती, फवारा वरून अंगावर उतरत होता, हवा दमट, अंगावर साधा सदरा, आणि एका पंपात दोन-तीन औषधं एकत्र केलेली. त्या माणसांच्या पोटाचा प्रश्न होता. बोंडअळीने वर्षाचं पीक जाईल, ही भीती होती. त्यांची घाई मला समजते. तुझ्यापुढे कोणतं संकट होतं? १८ कुंड्यांमधले गुलाब. त्यासाठी तू तोच प्रकार आपल्या गच्चीवर केलास. त्याच गच्चीवर गुलाबाला लागून कढीपत्ता आहे, तुळस आहे. फवारा कुंडी बघून थांबत नाही. तोच कढीपत्ता दुसऱ्या दिवशी तुमच्या फोडणीत पडला. गावठी गुलाबाच्या पाकळ्यांचा आई गुलकंद करतात, हेही तूच सांगितलंस. या मोसमात त्या झाडाची एकही पाकळी घरात जाणार नाही, हे आज घरी जाऊन त्यांना स्वतः सांग.

औषधाला माझा विरोध नाही. ते न बघता वापरण्याला आहे. बुरशीवरचं जे औषध शेतकरी बोर्डो मिश्रण म्हणून ओळखतात, त्याचा जन्मच मुळी एका माणसाच्या बघण्यातून झाला. १८८२ साली फ्रान्समधल्या बोर्डो भागात मिलार्दे नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ द्राक्षबागांतून चालले होते. सगळीकडे केवडा रोगाने पानं झडली होती, पण रस्त्याकडेच्या वेलींची पानं शाबूत. जवळ जाऊन पाहिलं तर त्या पानांवर निळसर थर होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून बागवाल्यांनी मोरचूद आणि चुना फासला होता. लाखो पानांत वेगळी दिसणारी पानं त्यांनी हेरली, कारण शोधलं, प्रयोग केले आणि १८८५ साली ते जगापुढे मांडलं. त्या रस्त्याने आधी किती माणसं गेली असतील. तू त्यांच्यातलाच एक व्हावंस, म्हणून मी तुला शिकवलं नव्हतं.

आता काय करायचं ते लिहून घे. ऑक्टोबर लागलाय. परतीचा पाऊस गेला की, कोजागिरीच्या आसपास, छाटणीची वेळ येते. त्याआधी उद्याच जाळी काढ, कुंड्यांत दीड-दोन फूट अंतर ठेव आणि गळलेलं एकेक पान हाताने वेच. छाटणी करताना वाळलेल्या, डाग पडलेल्या, आत घुसलेल्या काड्या आधी काढ. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप घे. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना सिकेटरचं पातं स्पिरिटने पूस. कापावर बोर्डो पेस्ट लाव, नाहीतर शेंड्याकडून काडी काळी पडत खाली येते. ती पेस्ट करायला १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात वेगवेगळा भिजव आणि मग एकत्र कर. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं घे, लोखंडाचं नको. तयार पेस्टमध्ये लोखंडी खिळा बुडवून बघ. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. तीही बघायचीच गोष्ट आहे. छाटल्यावर झाडावर उरलेली जुनी पानंही काढून टाक आणि मातीवर धानाच्या तणसाचा दोन बोटं थर दे, म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत. पाणी सकाळी, बुडाशी, पानाला थेंब न लागता.

मग नवी फूट येईल. औषध लागलंच तर त्या वेळी, आणि ते बुरशीनाशक. मॅन्कोझेब लिटरला दोन ते अडीच ग्रॅम, काट्यावर मोजून. ते पानावर पहारा देतं, आत शिरलेल्या रोगाला बाहेर काढत नाही. ठिपका पडलेलं पान कोणत्याही औषधाने पुन्हा हिरवं होत नाही. ते तोडायचं असतं. म्हणून फवारा निरोगी पानांवर, दोन्ही बाजूंनी, सकाळी लवकर, वारा पडलेला असताना. दहा दिवसांनी पुन्हा पाहा, गरज असेल तरच पुन्हा मार. कार्बेन्डाझिमसारखं आत भिनणारं औषध सारखं सारखं वापरलंस तर बुरशी त्याला दाद देईनाशी होते. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची थंडी पडली की कोवळ्या पानांवर पांढरी पूड दिसेल, पानं वळतील. ती भुरी. तिला ओलं पान लागत नाही, थंड दमट रात्र आणि कोरडा दिवस पुरतो. तिच्यावर पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम. पण ऊन चढलं, पारा बत्तीस-तेहेतिसावर गेला की गंधक नाही, त्याने पान जळतं. आणि उन्हाळ्यात पान निस्तेज, तांबूस झालं तर उलटून बघ. तिथे बारीक जाळं आणि हलणारे ठिपके असतील. ते लाल कोळी. त्यांना आधी पाण्याच्या धारेने मागून धू. म्हणजे एका ऋतूत जे पाणी पानावर नको, तेच दुसऱ्या ऋतूत उपयोगी पडतं. कोणतं कधी, हे पानच सांगतं.

पुढच्या खेपेला रोप घेताना नुसता रंग बघू नकोस. तुझ्या १८ कुंड्यांत सात पिवळे गुलाब आहेत आणि सर्वांत जास्त झडलेत तेच. आजच्या पिवळ्या गुलाबांत इराणकडच्या एका पिवळ्या जातीचं रक्त आहे. फ्रान्समध्ये १९०० साली तिच्यापासून पहिला नवा संकर आला आणि रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांना बळी पडणंही पुढच्या पिढ्यांत उतरलं. तुझा गावठी गुलाब त्याच गच्चीवर जवळजवळ धडधाकट उभा आहे, हे तुझ्या लक्षात आलं का? बी. पी. पाल यांचं नाव ऐकलं आहेस? भारतीय कृषी संशोधन परिषदेचे ते पहिले महासंचालक. गव्हाच्या तांबेऱ्याला न जुमानणाऱ्या जाती घडवण्यात त्यांनी उमेदीची वर्षं घातली, आणि गुलाबाच्या नव्या जातीही स्वतः तयार केल्या. ज्या बुद्धीने देशाची भाकरी राखली, तीच गुलाबाला लावण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. तू गुलाबाला शोभेची वस्तू समजतोस. तो आजारी पडणारा जीव आहे, आणि तो तू स्वतः घरी आणला आहेस.

अडलास तर विचार. पाल ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षी, १९०६ साली, आपल्या नागपुरात कृषी महाविद्यालय सुरू झालं. महाराजबागेला लागून आहे. तुझ्या घरून पंधरा मिनिटं. तिथे वनस्पती रोगशास्त्र शिकवणारी माणसं बसतात. जाताना फांदीसकट पान ने, वरचं एक आणि खालचं एक, आणि पाणी कधी देतोस, काय फवारलं, किती फवारलं ते कागदावर लिहून ने. "काहीतरी द्या" असं म्हणू नकोस. "हे काय आहे" असं विचार.

ही वही घे. कोरी आहे. रोज सकाळी एका झाडाची पाच पानं दोन्ही बाजूंनी पाहायची आणि दोन ओळी लिहायच्या. महिन्याने मला दाखवायची. एकही दिवस कोरा दिसला तर पुन्हा गुलाबाचं नाव माझ्यासमोर काढू नकोस.

काल म्हणालास, सगळं करून थकलो. तू काहीच केलं नव्हतंस. केलं ते माळीकाकांनी, उन्हात, उघड्या हातांनी. आता तो फोन घे. त्यांना लाव, इथेच, माझ्यासमोर. त्या दिवशी घरी गेल्यावर डोकं दुखलं का, डोळे चुरचुरले का, मळमळलं का, हात साबणाने धुऊन मग जेवले का, एकेक विचार. काही त्रास असेल तर आत्ता गाडी काढ आणि त्यांना दवाखान्यात ने. बाटलीचं लेबल सोबत घे, डॉक्टरांना लागेल. गुलाब थांबतील. लाव फोन.